चोराला न्यायला उरलंय काय

नॅशव्हिल, १४ मार्च १९९४

जोनेल,

पाकिटावरचं अक्षर बघून तू हे पत्र सरळ चुलीत घातलं नसशील, असं धरून चालते. घातलं असशील तर गेलनला म्हणावं, जावई म्हणून एवढं कर, राख चाळून बघ.

मी गाडीत बसत होते तेव्हा तू म्हणालीस, "जायचं तर जा, पण मला फोन करू नकोस." फोन करत नाहीये. पत्राबद्दल तू काही बोलली नव्हतीस.

तुझे बाबा जाऊन वर्ष झालं नाही तोवर एकसष्ट वर्षांची बाई गाणी लिहायला शहरात पळाली, असं चर्चमध्ये बोलतात ते मला माहीत आहे. बोलू देत. एवढी वर्षं शाळेच्या स्वयंपाकघरात मी त्यांच्याच पोरांना शेंगा आणि कॉर्नब्रेड वाढलं, आणि वाढता वाढता मनात गाणी जुळवली. आता वाढायचं संपलं, गाणी उरली आहेत. ती कुठंतरी नेऊन द्यायला नकोत का?

मी मजेत आहे. हे वाचून तू नाक मुरडशील, पण खरंच आहे. खोली एका केशकर्तनवालीच्या दुकानावर आहे. दिवसभर केस कुरळे करायच्या औषधाचा वास येतो, पण बायका इतक्या गप्पा मारतात की रेडिओ लावावा लागत नाही. सकाळी एका खानावळीत ॲपल पाय भाजते. तिथला आचारी मला विचारतो, "ओलीटाबाई, पीठ इतकं हलकं कसं होतं तुमचं?" मी म्हणते, पिठाला शिव्या देऊ नकोस, म्हणजे होतं.

इथं आल्या आल्या मी काय केलं असेल? पेपरात जाहिरात होती, "तुमच्या कविता पाठवा, आम्ही चाल लावून प्रसिद्ध करू, सोबत अमुक डॉलर पाठवा." माझं हसू आवरेना. ज्यानं माझं गाणं विकायचं तोच माझ्याकडं पैसे मागतो म्हणजे त्याला गाणं नको आहे, मी हवी आहे. खरा प्रकाशक लिहिणाऱ्याकडून छदाम घेत नाही. तो गाणं गायकापर्यंत पोचवतो, ते चाललं तर त्यातला आपला वाटा घेतो, नाही चाललं तर हात चोळत बसतो. हे मला कुणी शिकवलं नाही. कॅन्टीनला भाजी विकणारे लोक बघितलेत मी.

तर असा खरा प्रकाशक शोधत शोधत लिंडेल स्पार्कमनकडं पोचले. त्याचं ऑफिस म्हणजे एक जुनं घरच आहे, ओटी, झोपाळा सगळं. मी चौदा गाण्यांची कॅसेट नेली. तो म्हणाला, "तीन निवडा." म्हटलं, "बाकीची अकरा काय पाप करून आली आहेत?" तो म्हणाला, "बाई, मला चौदा ऐकवलीत तर मला एकही आठवणार नाही." मग तीन निवडली. पहिलं लावलं आणि पहिल्या कडव्यातच बंद केलं! मी अशी तापले!

"ओलीटाबाई, दीड मिनिट झालं," म्हणाला, "तुम्ही अजून हवामानच सांगताय. माणूस कधी येणार?"

घरी येऊन खूप चिडले, आणि मग ते गाणं काढून बघितलं. मेल्यानं खरं सांगितलं होतं. धुकं, डोंगर, ओढा, परत धुकं. गाण्यात कुणी माणूसच नव्हता. आता दर पंधरा दिवसांनी जाते, एकेक नवं घेऊन. जाताना केक नेते. परवा म्हणाला, "केक उत्तम आहे." गाण्याबद्दल काही बोलला नाही, म्हणजे मला समजलं.

खाली लिंडेलच्या ऑफिसचा नंबर लिहिते. माझ्या खोलीत फोन नाही. तुला लागेल असं नाही, आपलं असू दे.

आई


नॅशव्हिल, ९ एप्रिल

जोनेल,

उत्तर नाही आलं. ठीक आहे. मी लिहीत राहणार, मला सवय आहे. तुला दात येत होते तेव्हाही मीच बोलायचे आणि तू रागानं बघायचीस.

लिंडेलनं आता मला एका बाईबरोबर बसवलंय. इथं गाणी कशी होतात ऐक. सकाळी दहाला वेळ ठरवून दोन अनोळखी माणसं एका खोलीत बसतात, मध्ये कॉफीचं भांडं, आणि एकमेकांना आपलं काय काय मोडलंय ते सांगतात. दात काढायला वेळ घेऊन जावं तसं इथं रडायला वेळ घेऊन जायचं. दुपारी जेवायच्या आत गाणं झालं पाहिजे, कारण दुपारी खोलीत दुसरी रडणारी येणार असतात.

ही बाई डार्ला. चाळिशीची असेल, टेक्सासची, दोन नवरे झाले, तोंड फटकळ. पहिल्याच दिवशी म्हणाली, "तुमचं काय मोडलंय?" म्हटलं, "काही नाही बाई, मी मजेत आहे." ती म्हणाली, "मग आपण इथं काय करतोय?" आमचं छान जमलं.

तिनं मला इथला कायदा सांगितला. लिहिलेला नाही कुठं, पण सगळे पाळतात. गाणं होताना खोलीत जो असेल त्याचा सारखा वाटा. एकानं सगळं गाणं रचलं आणि दुसऱ्यानं फक्त एक शब्द सुचवला, तरी दोघांचं नाव, दोघांचा सारखा वाटा. कुणाचं किती हे मोजत बसायचं नाही, नाहीतर माणसं शब्द तोंडातच धरून ठेवतील. मला फार आवडलं हे. आपल्याकडं चर्चच्या जेवणाला कुणी कुठलं भांडं आणलं ते लेबल लावून ठेवतात, परत नेताना भांडणं होतात.

डार्ला हा कायदा बायबलसारखा धरून असते, त्याला कारण आहे. ती नवीन असताना दोन पुरुष लेखकांबरोबर बसली होती. अर्धं गाणं झाल्यावर त्यांनी तिला कॉफी आणायला पाठवलं. परत येईपर्यंत गाणं दोघांचं झालं होतं. "तेव्हापासून," ती म्हणते, "मी खोलीत कॉफी करायचं यंत्र ठेवते."

अंगणातलं डॉगवूडचं झाड फुललं असेल ना तिकडं? बाबांच्या थडग्याकडची बाजू गेलनला साफ करायला सांग. सांगितलं असशीलच.

आई


नॅशव्हिल, २९ एप्रिल

जोनेल,

तुझा फोन आला! तुझी बाजू तुला माहीतच आहे. आमच्या बाजूला काय झालं ते सांगते, कारण त्याच्यावर बरंच काही अडलंय. हे पत्र तरी शेवटपर्यंत वाच, तुला माझी शपथ.

डार्ला आणि मी दहापासून बसलो होतो. काही सुचत नव्हतं. लिंडेलच्या ऑफिसातली पोरगी आली, "ओलीटाबाई, तुमच्या लेकीचा फोन." मी इतकी धावले की गुडघा टेबलावर आपटला. आता त्या खोलीतल्या फोनचा रिसीव्हर मोडलेला आहे. बटण दाबलं की आवाज सगळ्या खोलीत येतो, तसाच वापरतात. त्यामुळं तू जे ओरडत होतीस ते डार्लालाही ऐकू येत होतं. माझा इलाज नव्हता.

तू विचारलंस, "पंपाचा खटका कुठाय? खाली तळघरात पाणी भरलंय." ना कशी आहेस, ना काही. मी सांगितलं, जिन्याखाली, डाव्या हाताला. मग मला वाटलं, ठेवून देशील, म्हणून काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, "घराला कुलूप लावतेस ना गं नीट?"

आणि तू म्हणालीस, "कशाला लावू? तू तर गेलीस. आता चोराला न्यायला उरलंय काय!" आणि दणकन ठेवलास.

माझे कान तापले. परक्या बाईसमोर लेकीनं असं बोलावं! डार्लानं गिटार खाली ठेवलं. मग हळूच म्हणाली, "हे काय म्हणाली ती?"

म्हटलं, "टोमणा मारला. तिला राग आहे माझा."

"टोमणा कसला, ओलीटा," ती म्हणाली, "ध्रुवपद आहे हे!"

मी नाही म्हणणार होते, जोनेल. पण तिनं गिटार उचललं आणि ते शब्द गुणगुणले, आणि माझ्या अंगावर काटा आला. जेवायच्या आत गाणं झालं. एक माणूस आहे, त्याची बायको निघून गेली आहे. शेजारी त्याला सांगतात, दार उघडं टाकून झोपतोस, कुणी घुसेल. तो म्हणतो, घुसू दे, ती गेली, आता चोराला न्यायला उरलंय काय. बस्स, एवढंच. यात हवामान नाही, धुकं नाही. पहिल्या ओळीला माणूस आहे.

लिंडेलनं ऐकलं. पूर्ण ऐकलं! मग परत लावलं. मग उठून ओटीवर जाऊन उभा राहिला. पोरगी मला कानात म्हणाली, "साहेब ओटीवर गेले म्हणजे चांगलं असतं."

परत आल्यावर त्यानं विचारलं, "लेखक कोण लिहू? तुम्ही दोघी?"

डार्ला म्हणाली, "तिघी. हिची लेकही."

लिंडेल म्हणाला, "ती तर दोनशे मैलांवर होती. फोनवर होती."

डार्ला म्हणाली, "तिचा आवाज खोलीत होता की नव्हता? आणि सगळ्यात मोठी ओळ कुणी टाकली? मला नको सांगूस लिंडेल, मी कॉफी आणायला गेलेली बाई आहे."

मी मध्ये पडले नाही. पडायला हवं होतं की नको ते माहीत नाही. पण कागदावर तुझं नाव लिहिलेलं बघितलं, ओलीटा प्रुइट, डार्ला केच, जोनेल हॅगुड, आणि मला इतका आनंद झाला की काय सांगू. तू मला दोन मिनिटं शिव्या दिल्यास आणि इथल्या कायद्यानं गीतकार झालीस.

सही लागेल तुझी. कागद सोबत आहे.

आई


नॅशव्हिल, १७ मे

जोनेल,

गेलनचा फोन आला. बिचारा. तू मागं उभी राहून सांगत होतीस आणि तो पुढं बोलत होता, आम्हाला कळत नाही असं वाटतं का तुला? "ती म्हणते, नाही. ती म्हणते, आमच्या घरातलं बोलणं गावभर वाजवायचं नाही. ती म्हणते, नाव काढून टाका."

आता मी काही गोष्टी मागच्या वेळी लिहिल्या नव्हत्या त्या लिहिते. लपवल्या असं नाही. हो, लपवल्या.

ते गाणं एका मोठ्या गायकाकडं गेलंय. नाव लिहीत नाही, लिंडेलनं शपथ घातली आहे, पण तुझ्या गाडीत त्याच्या दोन कॅसेट आहेत. त्याच्या माणसानं सांगितलं, हे आमच्यासाठी राखून ठेवा. म्हणजे घेतलं असं नव्हे. नुसतं, दुसऱ्या कुणाला ऐकवू नका. त्याला कागद नाही, करार नाही, तोंडचा शब्द. पण इथं तो शब्द मोडला की पुन्हा तुमची कॅसेट कुणी लावत नाही. त्यांचं रेकॉर्डिंग जूनमध्ये आहे. तिघींच्या सह्या असल्याशिवाय लिंडेलला गाणं देता येत नाही.

आणि दुसरं. हे गाणं लागलं तर लिंडेल मला आपल्याकडं घेणार आहे. वर्षाचा करार. दर महिन्याला थोडी रक्कम. मी पगार म्हणाले तर म्हणाला, "पगार नाही बाई, उचल. तुमच्या गाण्यांतून वळती होणार." काही असो. एकसष्टाव्या वर्षी मला कुणी गाणी लिहायला ठेवणार होतं, जोनेल. मी हे तुला सांगितलं नाही, कारण मग तू माझ्यासाठी सही केली असतीस किंवा मला अद्दल घडवायला केली नसतीस. मला दोन्ही नको होतं.

शुक्रवारी लिंडेलनं दार लावून घेतलं आणि म्हणाला, "ओलीटाबाई, तुमची लेक स्वतःच म्हणतेय नाव काढा. मग काढू या. डार्लाला मी समजावतो. एक ओळ तर आहे, आणि फोनवरची. कुणी विचारणार नाही."

मला मोह झाला. उगाच साधूबाई होत नाही, मला खूप मोह झाला. खानावळीत दोन दिवस ॲपल पायमध्ये साखर घालायला विसरले. आचारी म्हणाला, "गिऱ्हाईक रडायला लागलंय, तुमच्या गाण्यांनी नाही, तुमच्या पायनी."

पण नाही. ते शब्द तुझे आहेत. तू रागानं बोललीस, तरी तुझेच. ते तुझ्याकडून घ्यायचे आणि वर तुला खोलीबाहेर ठेवायचं, हे मी करणार नाही. मी लिंडेलला सांगितलं, त्या माणसाला फोन कर आणि म्हणावं, गाणं परत घेतलं. तो "बरं" म्हणाला.

मला तुझा राग आलाय, जोनेल. चांगलाच आलाय. कागदावर खरं लिहायची सवय लागली आहे इथं, म्हणून लिहिते. तू हट्टी आहेस, आणि तो हट्ट बाबांच्या बाजूचा नाही, माझ्याच बाजूचा आहे हेही मला माहीत आहे.

पण मी परत येणार नाहीये. तू तशी आशा धरली असशील तर सोड. ॲपल पाय भाजीन आणि दहाला खोलीत जाईन. गेल्या मंगळवारी एक नवीन सुरू केलंय, त्यात एक म्हातारी बाई नाचायला जाते. डार्ला म्हणते, यात हवामान अगदी थोडं आहे.

आई


नॅशव्हिल, २६ मे

जोनेल, माझ्या बाळा,

तुझं पत्र खानावळीत उभ्या उभ्या वाचलं. मग मागच्या दारी जाऊन पायरीवर बसून वाचलं. आचाऱ्यानं पीठ माझ्या हातून काढून घेतलं.

तू लिहिलंस, "मी सही करत नाही कारण ते शब्द माझे नाहीत. बाबांचे आहेत. तू नॉक्सव्हिलला मावशीकडं जायचीस ना, दर उन्हाळ्यात आठवडाभर, तेव्हा ते रात्री दाराला कुलूप लावायचे नाहीत. मी लहानपणी घाबरायचे. मी म्हणायचे, बाबा, चोर येईल. ते म्हणायचे, येऊ दे गं, तुझी आई गेली, आता चोराला न्यायला उरलंय काय. दर वर्षी हेच. तू घरी असताना कधी म्हणाले नाहीत, म्हणून तुला माहीत नाही. त्या दिवशी तू कुलपाचं विचारलंस आणि माझ्या तोंडून ते बाहेर आलं. मला तुला टोमणा मारायचा नव्हता. मारायचा होता थोडा. पण फोन ठेवल्यावर मी तळघराच्या पायरीवर बसून रडले. ते गेल्यापासून पहिल्यांदा. आणि तू त्याचं गाणं केलंस, आणि माझ्या नावानं. कसं सही करू?"

अगं पोरी. अगं माझ्या पोरी. वर्षभर तू रडली नव्हतीस आणि मला वाटलं तुला दुःख कमी झालंय. आणि मी हसत हसत इथं आले म्हणून तुला वाटलं मला कमी झालंय. आपण दोघी म्हणजे अगदी ठार वेड्या आहोत.

पत्र घेऊन तशीच लिंडेलकडं गेले, अंगावर पीठ घेऊन. गाणं गेलं असं धरूनच गेले होते. तर त्यानं फोन केलाच नव्हता! म्हणे, "जेवण झाल्यावर करणार होतो." नऊ दिवस चाललं होतं त्याचं जेवण. त्याला तुझं पत्र वाचून दाखवलं. डार्लाही होती. ती कधी रडत नाही, पैसे मिळाले तरच रडते असं म्हणते. ती खिडकीकडं तोंड करून उभी राहिली. मग म्हणाली, "मग नाव त्याचं लाव. तो होताच की खोलीत."

लिंडेल म्हणाला, "मेलेल्या माणसाची सही कुठून आणू?" मग त्यानंच विचार करून सांगितलं, वारसांनी करायची. बायकोनं आणि मुलीनं. एकीची चालत नाही, दोघींची लागते. तर गाण्यावर आता तीन नावं आहेत, ओलीटा प्रुइट, डार्ला केच आणि हर्शेल प्रुइट. लिंडेलकडच्या पोरीनं टाइप करताना विचारलं, "हे हर्शेल नवीन आहेत का आपल्याकडं?" मी म्हटलं, "हो. लाजरे आहेत, समोर बोलत नाहीत."

दुसरं कडवं आम्ही बदललं. त्यात तो माणूस बायकोला दोष देत होता. तुझं पत्र वाचल्यावर ते खोटं वाटायला लागलं. आता तो कुणालाच दोष देत नाही, फक्त दिवा मालवतो आणि दार उघडं ठेवून झोपायला जातो. जूनमध्ये तो गायक गाईल किंवा ऐन वेळी दुसरंच गाणं घेईल, लिंडेल म्हणतो असं रोज होतं. झालं तर झालं. तू सही करायला ये, टपालानं पाठवू नकोस. गेलनलाही आण, त्याला इथलं तळलेलं चिकन आवडेल.

एक सांगते, तुलाच, गाण्यात घातलेलं नाही. दर उन्हाळ्यात मी नॉक्सव्हिलहून परत यायचे आणि दार नुसतं लोटलेलं असायचं. मी पिशवी खाली ठेवायच्या आधी ओरडायला सुरुवात करायचे, "हर्शेल! परत उघडं टाकलंस? कुणी घर धुऊन नेलं असतं म्हणजे?" तो पेपर खाली करून माझ्याकडं बघायचा. बराच वेळ बघायचा. मग म्हणायचा, "नाही नेलं ना कुणी," आणि उठून दाराला कुलूप लावायचा.

चौतीस वर्षं, जोनेल. मला वाटायचं, माझा नवरा वेंधळा आहे.

तुझी
आई